जुन्या कार्डाला बोलते करताना

डहाणू रोड स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर लांब पल्ल्याच्या गाडीचे तिकीट काढले, की काही क्षणांत डब्याचा आणि बर्थचा क्रमांक छापून हाती येतो. या व्यवहाराच्या मुळाशी गेली कित्येक वर्षे जी ऑपरेटिंग सिस्टीम राबत आली, तिचे नाव बहुतेक प्रवाशांनी ऐकलेलेही नसते. ती विंडोज नाही आणि लिनक्सही नाही. तिचे नाव ओपनव्हीएमएस. रेल्वेची आरक्षण यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली असून ती इटॅनियम सर्व्हरांवर ओपनव्हीएमएसच्या आधाराने चालते, तिच्या जागी क्लाउडला साजेशी नवी यंत्रणा आणायची आहे, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये संसदेत सांगितले.

ओपनव्हीएमएसचा जन्म १९७७ चा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने ती आपल्या व्हॅक्स संगणकांसाठी घडवली. पुढे ती अल्फा प्रोसेसरवर गेली, तिथून इटॅनियमवर. इंटेलने २०२१ मध्ये इटॅनियम विकणे थांबवले, तेव्हा तिला आपल्या घराघरांतल्या संगणकांच्या एक्स-८६ कुळात यावे लागले. २०२२ मध्ये आलेली तिची ९.२ आवृत्ती या कुळावर चालते, पण थेट यंत्रावर नव्हे. ती आभासी यंत्राच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाच्या, आत चालण्यासाठी बनवली आहे. बाजारात नेटवर्क कार्डे, डिस्क कंट्रोलर आणि ग्राफिक्स कार्डे शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. लहान चमूला ते सगळे लिहिणे शक्य नसते. आभासी यंत्र मात्र मोजकी आणि ठरावीक कार्डे दाखवते. तेवढ्यांचे ड्रायव्हर लिहिले की काम भागते.

थोडे वापरकर्ते असलेल्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमपुढे हाच पेच असतो. तिचा गाभा कितीही सुबक असो, संगणकात बसवलेले कार्ड तिला ओळखता आले नाही तर तो गाभा मुका राहतो. कार्ड दहा-वीस वर्षांपूर्वीचे आणि त्याचा उत्पादक बाजारातून गेलेला असेल, तर पेच आणखी घट्ट होतो. तो कसा सुटतो ते या प्रकरणात पाहू. पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल: जुने कार्ड चालेल की नाही हे त्याच्या वयापेक्षा त्याच्याविषयीची माहिती कुणी लिहून ठेवली, आणि ती सर्वांना मोकळी ठेवली का, यावर ठरते.

पत्ता आणि हाक

ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. ‘हे पाकीट नेटवर्कवर पाठव’ असे सिस्टीम म्हणते. कार्डाला मात्र अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहिलेला कळतो, आणि तेवढेच कळते. कोणत्या पत्त्यावर काय लिहायचे, आधी काय आणि नंतर काय, मध्ये किती थांबायचे, हे सगळे ज्ञान ड्रायव्हरच्या पोटात असते.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत कार्डे खोचण्यासाठी आठ बिटांची खाच होती. १९८४ च्या एटी संगणकात ती सोळा बिटांची झाली आणि पुढे आयसा या नावाने सर्वत्र पोचली. सुरुवातीच्या आयसा कार्डाला स्वतःची ओळख सांगता येत नसे. कार्डावरचे इवले जंपर हलवून आपण त्याचा पत्ता ठरवायचा आणि तोच पत्ता ड्रायव्हरला सांगायचा. पत्त्याच्या जोडीला हाक मारण्याची तार लागे. काम झाले किंवा नवी माहिती आली की कार्ड त्या तारेवरून प्रोसेसरचे लक्ष वेधते. तिला इंटरप्ट म्हणतात. एटीत अशा तारा पंधराच वापरता येत, आणि त्यांतल्या बऱ्याच कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांनी आधीच अडवलेल्या असत. दोन कार्डांना एकच तार दिली तर दोन्ही गप्प बसत किंवा अख्खा संगणक गोठे.

इंटेलने १९९२ मध्ये पीसीआय आणले आणि ही पद्धत बदलली. पीसीआय कार्डात २५६ बाइटांची ओळखपत्रिका असते. तिच्या सुरुवातीलाच उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक असतो. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, तिच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. संगणक सुरू होताना फर्मवेअर प्रत्येक खाचेतली ही पत्रिका वाचते आणि पत्ता व इंटरप्ट वाटून देते. त्यामुळे जुने पीसीआय कार्ड निदान स्वतःचे नाव तरी सांगते. आयसा कार्डाचे नाव मात्र आपणच त्याच्या चिपांवरच्या अक्षरांवरून वाचायचे असते.

सगळीकडे चालणारे कार्ड

नोव्हेल कंपनीचे एनई२००० हे आयसा नेटवर्क कार्ड या विषयातले सर्वांत बोधप्रद उदाहरण आहे. असंख्य लहान-मोठ्या उत्पादकांनी त्याच्या नकला केल्या. लिनक्स, नेटबीएसडी आणि फ्रीडॉस या सर्वांत त्याचे ड्रायव्हर आहेत; फ्रीबीएसडीतही तो पूर्वी होता. क्यूईएमयू हा संगणकाचा आभास निर्माण करणारा प्रोग्रॅम आजही हे कार्ड हुबेहूब वठवतो. इतके दीर्घायुष्य त्याला लाभले, कारण त्याच्या केंद्रस्थानी नॅशनल सेमिकंडक्टरची डीपी८३९० ही चिप होती आणि तिचे तपशीलवार माहितीपत्रक कुणालाही मिळत होते.

ड्रायव्हर हे कार्ड कसे शोधतो ते पायरी पायरीने पाहू. कार्डाचा नेहमीचा पत्ता हेक्स पद्धतीत ३००, म्हणजे आपल्या मोजणीत ७६८. तिथून पुढची बत्तीस घरे कार्डाची. शेवटचे घर वाचले की कार्ड स्वतःला पुन्हा शून्यावर आणते आणि तसे झाल्याची खूण आपल्या स्थितिदर्शक घरात उमटवते. मग ड्रायव्हर कार्डावरच्या छोट्या स्मृतीतले बाइट वाचतो. पहिले सहा म्हणजे कार्डाचा जगात एकमेव असलेला नेटवर्क पत्ता. शून्यापासून मोजत गेलो तर चौदाव्या आणि पंधराव्या जागी हेक्स ५७ हा आकडा दोनदा येतो. तो सापडला की हे एनई२००० घराण्यातले सोळा बिटांचे कार्ड आहे अशी खात्री पटते.

पुढचे काम रांगेचे. कार्डावर १६ किलोबाइट स्मृती असते आणि तिचे २५६ बाइटांचे तुकडे पाडलेले असतात. काही तुकडे पाठवायच्या पाकिटासाठी राखून ठेवायचे आणि उरलेल्यांची वर्तुळाकार रांग करायची. आलेली पाकिटे कार्ड रांगेत एकामागून एक ठेवत जाते आणि ड्रायव्हर मागून उचलत येतो. दोघांची गाठ पडू नये म्हणून दोन खुणा सांभाळायच्या: कार्ड कुठवर लिहून पोचले आणि ड्रायव्हर कुठवर वाचून आला. नवशिक्याच्या ड्रायव्हरची खरी परीक्षा या दोन खुणांपाशी होते. त्या चुकल्या तर संगणक तासभर सुरळीत चालतो आणि नेटवर्कवर गर्दी वाढली की अडतो.

आयसाच्या जगात शोध घेणेही जपून करावे लागते. अनोळखी पत्त्यावर चाचपणीसाठी काही लिहिले आणि तिथे भलतेच कार्ड असले, तर ते गोंधळून यंत्र थांबवू शकते. म्हणून लिनक्समध्ये हा ड्रायव्हर चढवताना पत्ता आपण स्वतः सांगायचा असतो. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या फ्रीडॉसमध्ये पॅकेट ड्रायव्हरला तीन आकडे लागतात: कोणत्या सॉफ्टवेअर इंटरप्टवर हजर राहायचे, कार्डाची तार कोणती आणि पत्ता कोणता. कार्डाची कारखान्यातून आलेली तार बहुधा तीन क्रमांकाची असते, आणि तीच दुसऱ्या सीरियल पोर्टचीही असते. कार्ड सापडते, नेटवर्क पत्ता दिसतो, पण एकही पाकीट येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ही टक्कर तपासावी.

पुण्याचे जिस्ट कार्ड

महाराष्ट्राच्या संगणक-इतिहासातही एका कार्डाला मानाचे स्थान आहे. ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला जिस्ट म्हणत. या तंत्राचा पाया कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घातला गेला आणि मोहन तांबे यांचा त्यात मोठा वाटा होता. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक उभे राहिले, तेव्हा हे काम तिथे आले आणि त्यातून पीसीत खोचायचे जिस्ट कार्ड घडले.

त्या काळच्या डॉसमध्ये पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक घरात एक बाइट, प्रत्येक बाइटाचे एक ठरलेले चित्र. १२७ पर्यंतचे आकडे इंग्रजी अक्षरांचे; १२८ पासून पुढे परकी अक्षरे, चौकटीच्या रेघा आणि चिन्हे. देवनागरी या साच्यात बसत नाही. ‘क्षि’ साठवताना क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार बाइट लागतात. पडद्यावर मात्र वेलांटी आधी येते आणि क-ष मिळून एकच जोडाक्षर होते. जिस्ट कार्डाने हे जुळवण्याचे सगळे ओझे स्वतःकडे घेतले. डीबेस किंवा वर्डस्टार यांसारखे प्रोग्रॅम नेहमीसारखे बाइट लिहीत राहिले आणि कार्ड त्यांचे मराठी करत राहिले. मूळ प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलावी लागली नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने जाहीर केलेल्या इस्की या संकेतप्रणालीत ‘डहाणू’ हा शब्द पाच बाइटांचा आहे: १९१, २१६, २१८, १९३, २२२. ‘तलासरी’ सहा बाइटांची: १९४, २०९, २१८, २१५, २०७, २२०. जिस्ट कार्ड असलेल्या संगणकावर ही गावे मराठीत वाचता येत. तीच फाइल कार्ड नसलेल्या संगणकावर उघडली, की डहाणूच्या जागी चौकटीचा एक कोपरा, फुलीसारख्या रेघा, दुसरा कोपरा, उलटा टी आणि अर्धा काळा ठोकळा दिसे. अक्षरे नाहीशी झालेली नसत. त्यांना चेहरा देणारे कार्ड तेवढे नसे.

जिस्ट कार्डाची आयसा खाच आजच्या संगणकांत नाही आणि कार्डाची गरजही उरलेली नाही. जोडाक्षरे जुळवण्याचे काम आता युनिकोड आणि फॉन्टमधले नियम मिळून सॉफ्टवेअरमध्ये करतात. युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे, म्हणजे कार्डामागचे भाषिक शहाणपण जगभरच्या मोबाइलांत पोचले आहे. आणि इस्कीतल्या जुन्या नोंदी वाचण्यासाठी कार्ड शोधत फिरावे लागत नाही. प्रत्येक बाइटाचा अर्थ मानकात छापलेला आहे. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ हा संकेतपट आहे, आणि आयसीयू या मुक्त सॉफ्टवेअर-संचातही इस्कीचे रूपांतर आहे. एखाद्या कार्यालयाच्या कपाटात इस्कीतली डीबेस फाइल सापडली, तर ती आज युनिकोडमध्ये आणता येते. जिस्टच्याच काळात फॉन्टनिर्मात्यांनी आपापले खासगी संकेत वापरून टंकलेला मजकूर मात्र त्या फॉन्टची कोष्टके हाती येईपर्यंत अडून राहतो. एकाच पिढीतल्या दोन तंत्रांच्या नशिबात एवढा फरक पडला, तो एकाची माहिती जाहीर होती म्हणून.

लहान सिस्टीमचे मार्ग

आता मूळ पेचाकडे वळू. सिस्टीम अपरिचित, कार्ड जुने, ड्रायव्हर नाही. यातून सुटण्याचे चार मार्ग आहेत.

पहिला म्हणजे माहितीपत्रक वाचून ड्रायव्हर नव्याने लिहिणे. एनई२००० सारख्या कार्डासाठी हे शक्य असते आणि शिकण्यासाठी याहून चांगला रस्ता नाही.

दुसरा म्हणजे शेजारच्या सिस्टीमचा ड्रायव्हर उसना घेणे. हायकू ही सिस्टीम याचे सुंदर उदाहरण आहे. बीओएस बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पामने घेतली, तेव्हा चाहत्यांनी ती सिस्टीम मुक्त स्वरूपात नव्याने लिहायला घेतली. तिची पहिली बीटा आवृत्ती २०१८ मध्ये आली. हायकूने फ्रीबीएसडीच्या नेटवर्क ड्रायव्हरांसाठी एक जुळवणीचा थर लिहिला आहे. फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर जी जी सोय मागतो, ती हा थर हायकूच्या भाषेत पुरवतो, आणि मूळ ड्रायव्हर जवळपास जसाच्या तसा चालतो. इथे परवान्याचाही विचार लागतो. बीएसडी परवाना असा वापर मोकळेपणाने करू देतो. लिनक्सचा जीपीएल परवाना आपल्या अटी सोबत घेऊन येतो, म्हणून उसनवारीआधी तो वाचावा.

नेटबीएसडीने हाच विचार घराच्या आत केला. तिथे डीपी८३९० चिपचा ड्रायव्हर एकदाच लिहिलेला आहे. ती चिप आयसावर आहे, पीसीआयवर आहे की लॅपटॉपच्या पीसीएमसीआयए खाचेत, हा तपशील वेगळ्या पातळ थरात ठेवला आहे. खाचा बदलल्या तरी चिपविषयीचे ज्ञान पुन्हा लिहावे लागत नाही.

तिसरा मार्ग आभासी यंत्राचा. जुनी सिस्टीम आणि तिचा जुना ड्रायव्हर आभासी यंत्रात ठेवायचे आणि प्रत्यक्ष पीसीआय कार्ड त्या यंत्राच्या हवाली करायचे. यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांत कार्डाच्या स्मृतिव्यवहारांना कुंपण घालणारी सोय असावी लागते.

चौथा मार्ग सर्वांत कष्टाचा आणि माहितीपत्रक नसेल तेव्हाच पत्करायचा. उत्पादकाचा ड्रायव्हर चालू असताना तो कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर काय लिहितो, याची नोंद घेत जायचे आणि त्यावरून कार्डाचे नियम ताडायचे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी नुव्हो हा मुक्त ड्रायव्हर असाच घडला. ती नोंद घेणारे साधन २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाले. उत्पादकाने न दिलेले पत्रक अनेकांनी मिळून लिहून काढले, असे या कामाचे वर्णन करता येईल.

चिंचणी-वाणगावच्या कारागिराला काय लागेल

हे सगळे प्रयोगशाळेपुरते आहे असे वाटू नये. डहाणू तालुक्यात चिंचणी-वाणगाव परिसरात दागिन्यांचे डाय कोरण्याचा जुना व्यवसाय आहे. १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि मोठ्या प्रदूषक उद्योगांवर बंधने आली. अशा ठिकाणी छोट्या कार्यशाळांचे मोल अधिक. समजा, इथल्या एखाद्या तरुण कारागिराने संगणकावर चालणारे जुने कोरीवकाम-यंत्र घेतले. यंत्र पॅरलल पोर्टवरून आज्ञा घेते, आणि आजच्या संगणकात तो पोर्ट नाही.

त्याला लिनक्ससीएनसी उपयोगी पडेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत १९९० च्या दशकात त्याचे मूळ घडले. तिथल्या संघराज्य सरकारच्या कामावर त्या देशात कॉपीराइट नसतो, म्हणून तो कोड सार्वजनिक झाला आणि स्वयंसेवकांनी पुढे वाढवला. मोटरला ठरल्या क्षणी ठोका मिळावा म्हणून त्याला वेळेचे बंधन पाळणारा लिनक्सचा गाभा लागतो. अशा गाभ्याची तरतूद २०२४ मध्ये मुख्य लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीत पूर्णत्वाला आली.

त्याने पीसीआयचे पॅरलल पोर्ट कार्ड बसवले, तर मूळ अडचण पत्त्याची येईल. मदरबोर्डवरचा जुना पोर्ट हेक्स ३७८ वर असे आणि डॉसमधले कित्येक प्रोग्रॅम तो पत्ता गृहीत धरूनच लिहिलेले असत. पीसीआय कार्डाला पत्ता फर्मवेअर देते आणि तो वेगळा असतो. लिनक्समध्ये पीसीआय उपकरणांची यादी काढली की कार्डासमोर हा पत्ता दिसतो. तो लिनक्ससीएनसीच्या जुळणीत लिहायचा. मोटर हलली नाही तर आधी पत्ता, मग पोर्टची पद्धत, मग तारा, या क्रमाने तपासावे. मोटर मधूनच ठोके चुकवत असेल तर गाभ्याचा विलंब मोजावा. तो मोजण्याचे साधन लिनक्ससीएनसीसोबतच येते.

किनाऱ्याजवळ आणखी एक तपासणी सर्वांच्या आधी करावी. खारी, दमट हवा कार्डाच्या कडेवरच्या संपर्कपट्ट्यांवर थर चढवते, आणि ड्रायव्हरचा दोष वाटणारी अडचण कित्येकदा तिथेच असते. वीज काढून, कार्ड बाहेर घेऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पट्ट्या पुसाव्यात. खोडरबराने घासण्याची सवय टाळावी. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी गळलेली नाही ना आणि कपॅसिटरांची डोकी फुगलेली नाहीत ना, हेही पाहावे. कार्ड खाचेत घट्ट बसले आणि यादीत त्याचे नाव दिसले, की मगच ड्रायव्हरला हात घालावा.

माहिती कुणाच्या मालकीची

या प्रकरणातली उदाहरणे शेजारी ठेवली की एक धडा स्पष्ट दिसतो. एनई२००० टिकले ते चिपचे पत्रक सर्वांना मिळत होते म्हणून. इस्कीतल्या नोंदी वाचता येतात त्या मानक छापलेले आहे म्हणून. लिनक्ससीएनसी वाढले ते सरकारी कोड सार्वजनिक होता म्हणून. यांपैकी दोन गोष्टी करदात्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या होत्या.

आपल्याकडे शाळा, रुग्णालये, कृषी केंद्रे आणि ग्रामपंचायती यांसाठी दरवर्षी सार्वजनिक पैशातून उपकरणे घेतली जातात. आज नवे असलेले प्रत्येक उपकरण पंधरा वर्षांनी जुने कार्ड होणार आहे. खरेदीच्या करारातच तीन अटी असाव्यात: उपकरणाचे तांत्रिक पत्रक द्यावे, त्याच्या माहितीचा साचा उघड असावा, आणि उत्पादकाने पाठिंबा थांबवला तर ड्रायव्हरचा स्रोत मोकळा करावा. या अटींचा खर्च फार नाही. त्यांच्यामुळे तलासरीच्या शाळेतला एखादा विद्यार्थी उद्या ते उपकरण कुठल्याही सिस्टीमवर चालवून पाहू शकेल, आणि सुस्थितीतले यंत्र निव्वळ माहितीअभावी ई-कचऱ्यात जाणार नाही. ड्रायव्हर लिहिण्याची बुद्धी आपल्या मुलांत आहे. तिला लागणारा कागद तिच्यापर्यंत पोचवणे ही आपली जबाबदारी आहे.